अम्मा कुठे आहे, हे आत्येसासूबाईंना कुणी सांगितलं?

(या वाचकमैत्रिणीचं पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असं सगळं काढून गाभा तेवढा देते.)

"बाई, मी सोलापूरचीच. माहेर तेलुगू, सासर मराठी ख्रिस्ती. लग्नाआधी मी बाप्तिस्मा घेतला, कुणाच्या सांगण्यावरून नाही, मनापासून घेतला. त्याला नऊ वर्षं झाली. अम्माने मला अडवलं नाही, पण ती स्वतः शेवटपर्यंत तिच्या देवाचीच राहिली. चाळीस वर्षं बिड्या वळून तिनं आम्हा तिघा भावंडांना वाढवलं. गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी चार पावलं टाकली तरी दम लागायचा.

मागच्या महिन्यात आमच्याकडे प्रार्थनासभा होती. अम्मासाठी प्रार्थना करा, असं मी म्हटलं. तर आत्येसासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'मेलेल्यांसाठी प्रार्थना नसते. तुझी आई माणूस म्हणून चांगली होती, पण आदामाचं पाप तिच्या माथ्यावर होतं, ते धुतलं गेलं नाही. माणसाला एकदाच मरायचं आणि मग न्याय. तिचा झाला.' माझी सात वर्षांची मुलगी मांडीवर बसली होती. रात्री तिनं विचारलं, 'अम्मम्मा आगीत आहे का?' मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या महिन्यात कुंभारीला भावाच्या घरकुलात वर्षश्राद्ध आहे. आत्येसासूबाई म्हणतात, जाऊ नकोस, ती मूर्तिपूजा होईल. नवरा म्हणतो, तुला वाटेल ते कर. हे ऐकून तर जास्तच रडू येतं. बाई, आदामाने फळ खाल्लं त्यात माझ्या अम्माचा काय दोष? आणि मी जाऊ की नको? मला तूच म्हणा."

तूच म्हणते.

आधी लेकीचं. बाकी सगळं महिनाभर थांबेल, ते थांबणार नाही. आज रात्री झोपवताना तिला सांग, "अम्मम्मा देवाजवळ आहे की कुठे, ते फक्त देवाला माहीत. आणि देवाची माया माझ्यापेक्षा मोठी आहे. त्या दिवशी आजी बोलल्या ते त्यांना माहीत नव्हतं. मोठी माणसंसुद्धा कधी कधी माहीत नसलेलं बोलून जातात." एवढंच. ती उद्या पुन्हा विचारेल, परवा पुन्हा. तेच सांगत राहा, आवाज न बदलता. या वयातली पोरं एकच प्रश्न वीसदा विचारतात. त्यांना उत्तर पाठ असतं, आईचा चेहरा तपासायचा असतो.

हे मला शहाणपणातून सुचलेलं नाही. पस्तीसेक वर्षांपूर्वी मी शब्बाथशाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग, घ्यायचे. न्यायाच्या दिवसाचा धडा होता. मुलांना नीट उमगावं म्हणून मी मेणबत्ती पेटवली आणि एकेकाला बोट ज्योतीजवळ न्यायला लावलं. "एवढंसं सोसत नाही, मग तिथं कसं सोसाल?" त्या दिवशी मला माझंच फार कौतुक वाटलं होतं. आठवड्याने एका पोराची आई दारात उभी. "बाई, पोरगं रात्री उठून बसतंय. आजोबाला चटके बसत असतील म्हणतंय." आजोबा बाप्तिस्मा न घेता गेलेले, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या माउलीला दोन वचनं ऐकवली आणि परत पाठवलं. पोरगं पुन्हा शब्बाथशाळेत दिसलं नाही. त्या मेणबत्तीची लाज वाटायला मला दहा वर्षं लागली. म्हणून तुझ्या आत्येसासूबाईंवर मी फार तोंड टाकणार नाही. त्यांच्या खुर्चीत मीही बसले आहे.

आता आदामाचं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकाचा, उत्पत्तीचा, तिसरा अध्याय काढ. चोवीसच वचनं आहेत, भाताच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर वाचून होतात. पण लहानपणापासून शब्बाथशाळेत ऐकलेल्यांना तो वाचता येत नाही, ऐकलेलंच डोळ्यांपुढे येतं. तू नंतर आलीस, तुला कदाचित नीट वाचता येईल. त्यात सफरचंद नाही, नुसतं "फळ" आहे. लॅटिनमध्ये "वाईट" आणि "सफरचंद" हे शब्द सारखे दिसतात, त्या श्लेषाने युरोपात सफरचंद रुजलं असं सांगतात. सैतानाचं नाव नाही, साप आहे. त्या जुन्या सापाला सैतान म्हटलंय ते थेट शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात. आणि सगळ्यात मोठी गंमत, ज्या अध्यायाला आपण "पापात पतन" म्हणतो त्यात "पाप" हा शब्दच नाही. तो बायबलमध्ये पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, आदामाचा थोरला मुलगा काइन भावावर डूख धरून बसलेला असतो तेव्हा. देव त्याला सांगतो, पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याच्यावर ताबा ठेव.

शाप कुणाला मिळाला तेही बोट ठेवून बघ. साप शापित. भूमी शापित. त्या दोघांच्या वाट्याला वेदना येतात, कष्ट येतात, मरण येतं, पण "तू शापित आहेस" असं देव आदामाला म्हणत नाही, हव्वेलाही म्हणत नाही. माणसाला उद्देशून तो शब्द पहिल्यांदा निघतो तो काइनने भावाचं रक्त सांडल्यावर.

मग त्या दोघांचं चुकलं काय? ते झाड "बऱ्यावाइटाचं ज्ञान" देणारं होतं. सापाचं आमिष असं, की हे खा आणि देवासारखे व्हा, चांगलं काय नि वाईट काय ते तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीवर चढून बसा. खाल्ल्यावर दोघांनी सगळ्यांत आधी काय केलं? निवाडे. स्वतःच्या उघडेपणाचा निवाडा केला आणि अंजिराची पानं शिवली. देवाने विचारलं तर आदाम म्हणतो, तू दिलेल्या या बाईने मला दिलं. एका वाक्यात बायको आणि देव दोघांवर खापर. बाई म्हणते, सापाने भुलवलं. तुझ्या घरच्या प्रार्थनासभेत, सात वर्षांच्या पोरीसमोर, गेलेल्या बाईचा निकाल वाचून दाखवला गेला तेव्हा आदामाचं पाप खोलीत हजर होतं हे खरं. फक्त ते अम्माच्या माथ्यावर नव्हतं.

याच अध्यायात देव काय करतो, ते आपण फार भरभर वाचून पुढं जातो. ते दोघं झाडांत लपलेले, आणि तो विचारत येतो, "तू कोठे आहेस?" हरवलेल्याला हाका मारत कुणी फिरावं, तशी ती हाक आहे. निवाडा सांगून झाल्यावर, बागेबाहेर घालवण्याच्या आधी, तो त्यांना कातड्याची वस्त्रं करून घालतो. पानांचे कपडे टिकणार नाहीत, बाहेर काटेकुसळं आहेत, म्हणून. शिक्षा आणि कपडे एकाच हाताने. चादरी-टॉवेलांच्या या गावात हे वचन भिंतीवर लावायला हवं होतं, पण लोक लावतात ते आगीचं.

आणि विसावं वचन. मरणाचा निवाडा नुकताच झालेला असताना आदाम बायकोचं नाव ठेवतो: हव्वा. इब्रीत त्या नावाचं नातं जगण्याशी आहे, कारण ती सगळ्या जिवंतांची आई. म्हणजे तुझ्या अम्माचीही. ती आपल्याकडे आदामाची लेक म्हणून येते, तशी हव्वेचीही येते.

"निढळाचा घाम गाळून भाकर खाशील" असं आपल्या मराठी बायबलात आहे. मला ते वाचताना सूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेल्या बायकाच दिसतात. पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, हजार झाल्याशिवाय उठायचं नाही. तेव्हा ती शिक्षा अम्माने भोगलेली आहे, भरपूर. चाळीस वर्षं तंबाखूची धूळ छातीत गेली की दम लागतो. त्यासाठी आदामापर्यंत जायची गरज नाही. येशूच्या शिष्यांनाही हाच चाळा होता. जन्मांध माणूस दिसला की विचारायचं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय. सिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, तेव्हाही तो म्हणाला, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. आणि लगेच पुढं म्हणाला, तुम्ही आपापलं बघा.

दोषाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो तुझ्या एकटीचा नाही. चौथ्या-पाचव्या शतकात आताच्या अल्जीरियात हिप्पो गावी ऑगस्टीन नावाचा बिशप होऊन गेला. आदामात आपण सगळ्यांनीच पाप केलं, म्हणून जन्मणारं प्रत्येक मूल दोष घेऊनच येतं, हा विचार पश्चिमेकडच्या ख्रिस्ती जगात खोल रुजवला तो त्याने. त्याच्यासमोर होता पेलाजियस, ब्रिटनकडचा एक साधू. तो म्हणे, आदामाचं आदामापाशी, आपण ठरवलं तर चांगलं वागू शकतो. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचं म्हणणं फेटाळलं. मला स्वतःला पेलाजियस पटत नाही. "ठरवलं तर चांगलं वागू शकतो" हे वाक्य मी दर नववर्षाला म्हणते आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंतही ते टिकत नाही. माणसात काहीतरी मुळापासून वाकडं आहे, हे ऑगस्टीनने बरोबर हेरलं. पण प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन त्याच्यापुढे लॅटिनमध्ये होतं. त्यातून त्याने अर्थ घेतला, "ज्याच्यात सर्वांनी पाप केले", ज्याच्यात म्हणजे आदामात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक "सर्वांनी पाप केल्यामुळे" असा लावतात, आणि आपलं मराठी बायबलही तसंच सांगतं. दोन शब्दांचा फरक, पण त्याच्या ओझ्याखाली किती आया रडल्या असतील.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ऑगस्टीनच्या वाटेने गेल्याच नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आदामाकडून आपल्याकडे मरण आलं, दुबळेपणा आला, वाकडी ओढ आली. गुन्हा आला नाही. तुझ्या माहेरी कुणी ना कुणी मागावर असणारच, तेव्हा हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. बाण्यातला एखादा धागा चुकला तर तेवढीच रेघ दिसते. ताण्यातच चूक राहिली तर ती चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. चादर त्यात गुन्हेगार नसते, पण खोट तिच्यात असते. मला पतनाची शिकवण अशी समजते. अम्मात खोट होती, माझ्यात आहे, आत्येसासूबाईंत आहे.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांत एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण आता बंद करा; जो जीव पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. अठरावा अध्याय. आत्येसासूबाई लगेच दहा आज्ञांवर बोट ठेवतील, की तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत झडती घेणारा देव असं तिथं लिहिलंय. लिहिलंय. त्याच्या पुढच्याच वचनात हजारो पिढ्यांवर दया करणारा असंही लिहिलंय, तेही वाचायला सांग.

आता न्याय. आपल्या विश्वासाची कबुली, म्हणजे मतांगीकार, तू दर रविवारी म्हणतेस, "तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल." हे वाक्य गाळा असं मी कुणाला सांगणार नाही. जगात ज्यांचा कुणी हिशेबच विचारला नाही अशा बायकांसाठी तर न्याय ही चांगली बातमी आहे. वळलेल्या बिड्या घेऊन अम्मा रांगेत उभी राहायची, तपासणारा जुडी उचलून दाबून बघायचा आणि खराब म्हणून बाजूला टाकायचा. टाकलेल्याचे पैसे नाहीत. हे तू लहानपणी तिच्याबरोबर जाऊन बघितलं असशील. मला शंका आहे की तुझ्या मनातला देव त्या टेबलामागे बसलेला आहे. आत्येसासूबाईंच्या मनातला तर नक्कीच.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्याय वेगळा आहे. मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तसा राजा माणसं वेगळी करतो. दिवसभर ती एकत्रच चरलेली असतात, आपल्याकडच्या धनगराच्या कळपात असतात तशी. राजा काय विचारतो? मी भुकेला होतो, जेवायला दिलंस का? तहानेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. आणि दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात. उजवीकडची विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी बघितलं? त्यांना पत्ताच नव्हता की ते त्याला वाढत होते. डावीकडच्यांनाही पत्ता नव्हता की ते त्याला टाळत होते. या अध्यायातून मी एवढंच शिकले, की निकाल लागेल तेव्हा आपण सगळे चकित होणार आहोत. ज्याला आधीच निकाल माहीत आहे त्याने हा अध्याय वाचलेला नाही.

याचा अर्थ चांगलं वागलं की झालं, असा मी काढत नाही. पत्रात तू वचनांचे आकडे लिहिलेस, ते मी टाळणार नाही. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही." हे येशूचंच बोलणं आहे. "तारण दुसऱ्या कोणाकडून नाही" हे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राने सांगितलंय. बऱ्याच मंडळ्या यातून असं काढतात, की येशूचं नाव घेतल्याशिवाय जो गेला तो गेला. हे प्रामाणिकपणे मानणारी आणि त्यापायी रात्र रात्र प्रार्थना करणारी माणसं मला माहीत आहेत. सगळी कठोर नसतात. पण तेवढाच अर्थ निघतो असं नाही. पित्याकडे नेणारा एकच आहे, हे मीही मानते. तो कुणाकुणाला हाताला धरून नेतो, याची यादी त्याने माझ्याकडे दिलेली नाही. वधस्तंभावरचा चोर बघ: बाप्तिस्मा नाही, मंडळी नाही, एक वाक्य फक्त. पौल रोमकरांस दुसऱ्या अध्यायात म्हणतो, ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही त्यांच्या हृदयावर ते लिहिलेलं असतं, आणि देव माणसांच्या गुप्त गोष्टींचा न्याय करील. कॅथलिक चर्चने तर १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्टच लिहिलं, की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तू म्हणशील, अम्माला तर माहीत होतं, तिची मुलगीच ख्रिस्ती. खरंय. पण तिने ख्रिस्ताविषयी काय ऐकलं, कुणाच्या तोंडून, कोणत्या स्वरात ऐकलं, हे देवाला माहीत आहे. ते आत्येसासूबाईंसारख्यांच्या तोंडून ऐकलं असेल, तर तिने नाही म्हटलं ते नेमकं कुणाला?

अब्राहाम सदोम शहर वाचवण्यासाठी घासाघीस करताना देवाला विचारतो, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मी या प्रश्नावर येऊन थांबते. तिथून पुढे मला दिसत नाही.

इस्तंबूलमध्ये खोरा नावाचं एक जुनं चर्च आहे, आता तिथं मशीद आहे. त्याच्या भिंतीवर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक चित्र आहे. पांढऱ्या वस्त्रातला ख्रिस्त मृतांच्या जगात उतरलाय, पायाखाली मोडलेली दारं, विखुरलेली कुलपं. एका हाताने त्याने आदामाला आणि दुसऱ्याने हव्वेला शवपेटीतून खेचलंय. त्या दोघांनी त्याचा हात धरलेला नाही. त्यानेच त्यांची मनगटं पकडली आहेत. पोर रस्त्यावर धावत सुटलं की आपण हात नाही, मनगट धरतो, तसं. मी ते फक्त छापलेलं बघितलंय, पण ज्या दिवशी पाहिलं त्या दिवशी मेणबत्तीवाल्या पोराची आठवण झाली.

मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेबद्दल: आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती पद्धत नाही, तेवढं आत्येसासूबाईंचं बरोबर. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स करतात. आणि तोच ऑगस्टीन, ज्याच्यावर मी एवढी चिडले, त्याची आई मोनिका ३८७ साली ओस्तियाला वारली तेव्हा त्याने काय केलं? आधी रडू दाबून धरलं, मग एकांतात रडला. पुढं आत्मकथनात त्याने देवाला विनवलं, तिचा न्याय करू नकोस, तिला क्षमा कर, आणि वाचणाऱ्यांनाही सांगितलं की तिची आठवण ठेवा. मोनिका तर पक्की ख्रिस्ती. मूळ पापाचा एवढा मोठा पंडित, पण आईच्या बाबतीत हात जोडून उभा. तू मंडळीत मोठ्याने म्हणू नकोस हवं तर. पण रात्री एकटी असताना "प्रभू, माझ्या अम्माला सांभाळ" असं तोंडातून निघालं, तर त्याची माफी मागत बसू नकोस.

कुंभारीला जा. पाचवी आज्ञा "आपल्या आईबापांचा मान राख" अशी आहे, आणि तिला ख्रिस्ती आईबापांपुरतं असं कंस करून लिहिलेलं नाही. तिथं जे धार्मिक विधी होतील ते भावाचे आहेत; पिंड, तर्पण तुला कुणी करायला सांगणार नाही, आणि सांगितलंच तर "दादा, ते तू कर, मी बसते" म्हण. तुझ्या मनाला टोचेल ते करू नकोस, न टोचणाऱ्याला उगाच घाबरू नकोस. नैवेद्याच्या अन्नाबद्दल पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र आठ ते दहा अध्याय वाच. तिथं तो एकीकडे मोकळीक देतो, एकीकडे सावध करतो, आणि सारखा एकच प्रश्न विचारतो, यात समोरच्याच्या मनाचं काय? तुझ्या समोर भाऊ आहे. मी तुझ्या जागी असते तर जेवले असते. तुला जमत नसेल तर वहिनीला आदल्या दिवशीच सांग की मी घरून भाकरी-चटणी आणते, सगळ्यांसाठी आणते. भरल्या पंक्तीत ताट सारणं हा अपमान असतो, आधी सांगणं हा नसतो.

आणि नामानाची गोष्ट लक्षात ठेव, दुसरे राजे, पाचवा अध्याय. अरामाच्या राजाचा सेनापती, कोड बरं झालं, इस्राएलाच्या देवाचा झाला. मग अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, एक अडचण आहे. माझा राजा त्याच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं देव क्षमा करो. अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. "शांतीने जा" म्हणाला, एवढंच. या उत्तराने मी आयुष्यात कितीतरी लग्नं, बारशी, मयती आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय मिरवणुकीतली शेजारणींची आग्रहाची निमंत्रणं निभावली आहेत.

आत्येसासूबाईंशी वाद घालू नकोस. वचनाला वचन लावत बसलात तर त्या जिंकतील, त्यांना जास्त पाठ आहेत. एकदा एकटीला गाठून सांग, "आत्या, तुम्हाला काय वाटतं ते तुमच्याजवळ ठेवा, पण माझ्या मुलीसमोर पुन्हा माझ्या आईबद्दल हे बोलायचं नाही." आवाज न चढवता, चहा पुढ्यात ठेवून. त्या रुसतील. रुसू देत.

नवऱ्याचं "वाटेल ते कर" हे मला सगळ्यात जास्त खटकलं, खरं सांगायचं तर आत्येसासूबाईंच्या बोलण्याहून. आदामही सगळं होईस्तोवर शेजारीच उभा होता. अध्यायात स्पष्ट म्हटलंय, तिच्याबरोबर असलेल्या नवऱ्याला तिने दिलं. तोवर एक शब्द बोलला नाही, आणि नंतर म्हणाला, हिने दिलं. त्याला सांग, मला परवानगी नको, सोबत हवी. वर्षश्राद्धाला तो आला तर आत्येसासूबाईंचं अर्धं बोलणं आपोआप मिटेल, आणि तुझ्या भावाला नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटेल की आपली बहीण दिली त्या घरात माणसं आहेत.

लेकीलाही ने. तिला अम्मम्माचा फोटो बघू दे, हार घातलेला. सूप अजून घरात असेल तर तेही दाखव, तुझी आजी यावर हजार हजार वळायची म्हणून.

त्या दिवशी घरकुलात पाणी यायचं असेल तर सकाळी लवकरच पोच. पाहुण्यांच्या गर्दीत वहिनीला एकटीला भांडी भरणं जमायचं नाही.